पोर्चवरचा सैल दिवा

त्या दिवशी डेल ऑस्टर्बर्गला खाली बसायला मिळालं ते थेट संध्याकाळी साडेपाचला, आणि तेही बापाच्या घरी, बापाचे मोजे काढायच्या स्टुलावर. सकाळपासून सहा तळघरं झाली होती. ऑक्टोबर संपत आला की डे मॉइन शहरातल्या समस्त जनतेला एकाच दिवशी थंडी वाजते. तळघरात घर तापवणारी एक भट्टी आहे आणि ती मार्चपासून कुणी उघडून बघितलेली नाही, हेही सगळ्यांना एकाच दिवशी आठवतं. मग फोन. मग डेल. सत्तावन्न वर्षांचा बाप्या, तोंडात टॉर्च धरून पोटावर सरपटतोय, आणि शेजारी कुणाच्या तरी मांजरीच्या शीचा डबा. असं सहा वेळा.

"पाय," तो म्हणाला.

"हात आहेत का बर्फाच्या लाद्या?" म्हातारा केकाटला. "माणसाला हात लावायच्या आधी जरा चोळावेत रे."

"सूज आहे."

"सूज नाहीये ती. माझं सौंदर्य आहे."

व्हर्लिन ऑस्टर्बर्ग, वय सत्त्याऐंशी. अडतीस वर्षं टायरच्या कारखान्यात काढलेली, एक कान तिथंच ठेवून आलेला, बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली. जुलैमध्ये न्हाणीघरात घसरला आणि चार तास फरशीवर पडून राहिला. डेल आला तेव्हा टॉयलेट पेपरच्या गुंडाळीची उशी करून आरामात छताकडे बघत होता, आणि पहिलं वाक्य काय, तर "तुमच्या हॉटेलची सर्व्हिस फार वाईट आहे." तेव्हापासून डेल सकाळी मोजे चढवायला येतो, संध्याकाळी मोजे उतरवायला येतो, मधे औषधं, सूप, आंघोळ, आणि आठवड्यातून चार रात्री इथल्याच सोफ्यावर. घरी त्याची बायको कॉनी त्याला 'पाहुणे' म्हणायला लागली होती. आधी हसून म्हणायची. हल्ली न हसता.

"नाक कुठंय माझं?" व्हर्लिननं विचारलं.

डेलनं खणातून रबराचं लाल नाक काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि बापाला दिलं. म्हाताऱ्यानं ते चढवलं, केस ओल्या हातानं बसवले, चॉकलेटांचं भांडं मांडीवर घेतलं. पूर्ण आकाराची चॉकलेटं, छोटी टिकलीएवढी नव्हेत. व्हर्लिनच्या मते छोटं चॉकलेट देणं म्हणजे पोराच्या तोंडावर दार आपटणं. खुर्ची बाहेरच्या काचेच्या दाराशी लावलेली. तीस ऑक्टोबर, संध्याकाळचे सहा. बेगर्स नाइट. मागत्यांची रात्र. पोरं वेश करून दारोदार खाऊ मागत फिरतात.

बाकीचा देश हे सगळं एकतीसला करतो. करू दे. इथं तीसला, सहा ते आठ, आणि फुकट काही नाही. पोरानं दारात येऊन 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणायचं, मग एक जोक सांगायचा, मग चॉकलेट. जोक नाही तर चॉकलेट नाही. व्हर्लिन या बाबतीत कारखान्याच्या फोरमनपेक्षा कडक होता. पण हसायचा असा की पोरं रस्ता ओलांडून दुसऱ्यांदा यायची. 'चेटकीण विमानानं का जात नाही? कारण झाडू सामानात टाकावा लागतो!' यावर तो दाराची चौकट धरून हसलेला डेलनं पाहिलंय. एकदा एक सशाच्या वेशातलं पोरगं जोक विसरलं आणि भोकाड पसरलं. व्हर्लिननं त्याच्या कानात एक जोक सांगितला, त्याच्याकडून तो वदवून घेतला, आणि मग पहिल्यांदाच ऐकल्यासारखा खदखदून हसला. सशाला दोन चॉकलेटं मिळाली.

आणि या वर्षी त्यावर पैज होती.

झालं असं, की नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. खिडकीवाली. पहिल्या तारखेपर्यंत हो म्हणायचं, नाहीतर पुढचा नंबर. रविवारी डेलची बहीण जनीन ॲरिझोनातून फोनच्या पडद्यावर आली होती, मागे निवडुंग, आणि प्रेमानं दमात घेत होती. म्हातारा ऐकत होता, ऐकत होता, आणि मग म्हणाला, "माझ्या दारात पोरं येतात. मी नसलो तर काय करतील?"

"डॅड, गेल्या वर्षी चार आली," डेल म्हणाला.

"म्हणजे येतात."

"आणि यंदा एकही आलं नाही तर?"

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. पैज म्हटली की ते चमकायचेच. "तर सही करतो. कुरकुर न करता. पण एक जरी पोर आलं आणि जोक सांगून गेलं, तर हा हिवाळा मी इथं. एप्रिलपर्यंत कुणी खोली-बिलीचा विषय काढायचा नाही. तूही नाही आणि तो निवडुंगही नाही." तळहातावर थुंकून त्यानं हात पुढे केला होता. डेलनं तो हातात घेतला होता. त्याक्षणी त्याला वाटलं होतं, जिंकलो.

कारण हिशेब सोपा होता. पोरं आता येतातच कुठं?

डेल लहान असताना या उतारावर उशांचे अभ्रे घेतलेल्या पोरांची झुंबड असायची. प्लॅस्टिकचा मुखवटा, आत घामाची तळी, डोक्यामागं तुटकं इलॅस्टिक, आणि आईबाप? आईबाप घरी! मोठा भाऊ सोबत असला तर तोच पहिला चोर. कुणी मक्याच्या लाह्यांचे पाकातले लाडू द्यायचं, कुणी सफरचंद, ते लगेच कुणाच्या तरी पाठीत बसायचं. मग एका वर्षी गावात बोंब उठली की कुणाच्या तरी सफरचंदात ब्लेड सापडलं. ते सफरचंद कुणी पाहिलं नव्हतं, पण पाहणाऱ्याला सगळेच ओळखत होते. लाडू बंद. मग पोरांबरोबर बाप चालत यायला लागले. मग बाप गाडीतून, पोर फुटपाथवरून. मग जोक आईच्या फोनवरून वाचून दाखवायला लागले, मान खाली, एका दमात, हसायच्या जागी थांबतही नाहीत. मग दारादारांत कॅमेरे, आणि पायरीवर नुसतं भांडं, 'एक घ्या' अशी चिठ्ठी. आणि गेली तीन वर्षं चर्चच्या पार्किंगमध्ये डिकीवाला कारभार. पन्नास गाड्या गोल लावायच्या, डिक्या उघडायच्या, कोळ्याची जाळी लटकवायची, आणि पोरांनी एका डिकीकडून दुसरीकडे. अर्ध्या तासात पिशवी भरते. जिना नाही, कुत्रा नाही, अनोळखी म्हातारा नाही.

तेव्हा डेल निर्धास्त होता. पण सहा वाजून दहा मिनिटांनी त्यानं खिडकीतून पाहिलं, तर कोपऱ्यावर एक मोठी गाडी थांबलेली आणि तिच्यातून पोरं उतरतायत. एक डायनासोर, एक मधमाशी, आणि एक पुठ्ठ्याचं खोकं घातलेलं काहीतरी. तीन पोरं. पायी. वर येतायत.

म्हणजे थेट एप्रिल. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, तो बर्फ, तो सोफा, ते मोजे. त्यानं काही ठरवलं नाही. त्याचे पाय उठले.

"कचरा टाकून येतो," तो म्हणाला आणि मागच्या दारानं निघून घराला वळसा घालून पोर्चवर आला. काचेतून दिसू नये म्हणून भिंतीला चिकटून हात वर केला. दिवा पकडला. पाव आटा डावीकडे. दिवा गेला.

हे काम त्याला येत होतं. दहा वर्षांचा असताना शिकला होता. तेव्हा बोटं भाजायची. आताचे दिवे एलईडी. गुन्हा करायलासुद्धा गार.

पोर्चवरचा दिवा बंद म्हणजे इथं काही मिळत नाही, पुढं व्हा. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण चालता येणाऱ्या प्रत्येक पोराला तो ठाऊक आहे.

तो आत येऊन सोफ्यावर बसला. बाप पाठमोरा, दाराकडे तोंड करून. बाजूच्या खिडकीतून तीन आकृत्या न थांबता पुढं जाताना दिसल्या.

"शांत आहे," व्हर्लिन म्हणाला.

"आहे."

"पाऊस?"

"नाही."

"दिवा लावलायस ना?"

"लावलाय की," डेल म्हणाला. इतकं सहज, की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. आयुष्यभर त्यानं लोकांच्या कॉफीत मीठ घातलं होतं, मेव्हण्याच्या गाडीत मासा लपवला होता, बॉसच्या खुर्चीला घंटा बांधली होती. पण प्रत्येक वेळी शेवटी हसायला मिळायचं. आज नुसत्या पापण्या जड होत होत्या.

सात वाजून गेले. बाहेर पावलं वाजली. चाकं लावलेलं काहीतरी ओढल्याचा आवाज. मग अगदी जवळ, पायऱ्यांशी, एक चिमणा आवाज, "इथं जाऊ?"

व्हर्लिन ताठ झाला. त्याचा एक हात भांड्यात गेला, दुसरा नाकाकडे. नाक सरळ केलं.

"नको गं. दिवा नाहीये तिथं," पुरुषाचा आवाज. "चल पुढं."

चाकं पुढं गेली. म्हाताऱ्याचा नाकावरचा हात थोडा वेळ तिथंच राहिला. मग हळूच खाली आला आणि मांडीवर पडला.

एवढंच झालं. आणि डेलला एकदम स्टॅनेक आठवला.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. दोन घरं सोडून म्हातारा स्टॅनेक राहायचा, एकटा. मोठी चॉकलेटं देणारा गल्लीतला दुसरा माणूस. डेल आणि त्याचा दोस्त रोली यांनी सहा वाजता त्याच्या पोर्चचा दिवा पाव आटा सैल केला. दोन तास एकही पोर तिकडं फिरकलं नाही. आठला दहा कमी असताना यांनी दिवा पिळला, घंटी वाजवली आणि गरीब चेहरे करून म्हणाले, "आजोबा, आम्हीच पहिले?" स्टॅनेकनं अख्खं भांडं त्यांच्या अभ्र्यांत ओतलं. घरी व्हर्लिननं अभ्रा उलटा केला, चॉकलेटांचा ढीग बघितला, डेलकडे बघितलं, आणि कान धरून त्याला परत नेलं. स्टॅनेकनं दार उघडलं. त्यानं पोरांसाठी टाय घातला होता. डेलनं रडत रडत सगळं सांगितलं. स्टॅनेक रागावला नाही. म्हणाला, "हो का? मला वाटलं, माझंच काही चुकलं."

पुढच्या वर्षी बेगर्स नाइटला व्हर्लिननं डेलला कुठं जाऊ दिलं नाही. दोन तास स्टॅनेकच्या पायरीवर बसवलं, चॉकलेटं वाटायला.

"टॉर्च गाडीत राहिला," डेल आता म्हणाला आणि पुढच्याच दारानं बाहेर पडला. दिवा पिळला. उजेड पडला. उताराखाली एक माणूस लाल हातगाडी गाडीत चढवत होता आणि एक मधमाशी मागच्या सीटवर बसत होती.

"ओ!" डेल ओरडला. "ओ साहेब! इकडं आहे! चॉकलेट आहे!" आणि धावत सुटला. दहा पावलांवर त्याला स्वतःचं चित्र दिसलं. काजळलेलं तोंड, कळकट कपडे, अंधारात चॉकलेट-चॉकलेट ओरडत पोरीच्या मागं धावणारा माणूस. तो थांबला. गाडीचं दार धाडकन लागलं आणि ती गेली.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. डेल आपल्या व्हॅनमध्ये बसला आणि चर्चच्या पार्किंगकडे निघाला. तिथं जत्रा होती. वाघाचे कान लावलेली एक बाई नारिंगी शंकूंपाशी हातात यादी घेऊन उभी होती.

"वेलकम! मूल कुठाय?"

"तेच तर," डेल म्हणाला. "मूल नाहीये. एखादं मिळेल का?"

बाईचं हसू तसंच राहिलं, पण कान मागं गेल्यासारखे वाटले. "काय?"

"दहा मिनिटांसाठी. लगेच परत आणून देतो. दोन मिळाली तरी चालतील, जोक येणारी."

"सर," बाई म्हणाली, "दोन पावलं मागं व्हा."

"तसं नाही हो. माझे वडील सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, नाक लावून बसलेत..."

"ग्रेग!" बाईनं कुणालातरी हाक मारली. "ग्रेग, जरा ये इकडं!"

ग्रेग कपाटाएवढा होता आणि परीच्या पंखांत होता. डेलनं त्याला सगळं समजावलं, अगदी स्टॅनेकपासून. ग्रेगनं शांतपणे ऐकलं. "वाईट वाटलं, भाऊ," तो म्हणाला. "माझा बापही असाच बसायचा. पण आपलं पोर तुझ्या व्हॅनमध्ये कोण बसवेल, तूच सांग."

डेल व्हॅनकडे वळला. त्याला माहीत होतं. त्यानंही बसवलं नसतं.

पावणेआठला तो परत आला. गाडी बंद केली आणि तसाच बसून राहिला. झोप आली असती. खरं तर एक मिनिट लागलीच. जाग आली तेव्हा समोर पोर्चचा दिवा ढणढणत होता आणि काचेमागं ते लाल नाक.

डेलनं गाडीतलं जुनं फडकं डोक्याला बांधलं. आरशात बघितलं. तोंड आधीच काळं होतं, वेगळा खर्च नाही. पायऱ्या चढला आणि घंटी दाबली.

काचेमागं व्हर्लिननं मान वर केली. दार ढकलून फटीएवढं उघडलं.

"ट्रिक ऑर ट्रीट," डेल म्हणाला.

"वय काय तुझं?"

"सत्तावन्न."

"बारावरच्यांना देत नाही मी."

"उंच दिसतो म्हणून. मनानं लहान आहे."

"जोक सांग."

डेलनं तोंड उघडलं. चेटकिणीचा आठवला, सांगाड्याचा आठवला. दोन्ही घशाशी आले आणि मागं फिरले. "एक म्हातारा असतो," तो म्हणाला. "पोरांची वाट बघत बसलेला. आणि त्याचा मुलगा बाहेर जाऊन..."

"हा ऐकलाय," व्हर्लिन म्हणाला. "अठ्ठ्याहत्तरला."

डेलनं डोक्यावरचं फडकं काढलं.

"सव्वासहाला गालिच्यावरचा उजेड गेला," म्हातारा म्हणाला. "कान गेलाय माझा. डोळे नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"बघत होतो, तू कधी उठतोस. स्टॅनेकच्या वेळी आठला दहा कमी केले होतेस. आज सातलाच उठलास. सुधारलायस." त्यानं नाक काढलं. त्याखालचं खरं नाक लाल झालं होतं, कडेनं वळ. "डेल, एवढा दमलायस?"

यावर देण्यासारखी चार उत्तरं डेलकडे तयार होती. त्यातल्या दोन उत्तरांवर म्हातारा हसलाही असता.

"हो," तो म्हणाला.

"मग तसं म्हणायचं. रविवारी. मी थुंकून हात पुढे करत होतो तेव्हा."

"ऐकलं असतंस?"

"नसतं," व्हर्लिन म्हणाला. जरा थांबून, "त्या खोलीचे कागद आण."

"डॅड, राहू दे. पैज रद्द. मी लबाडी केली."

"पैज गेली खड्ड्यात. आत ये, थंडी येतीये, आणि कागद आण. पेनही आण. तुझ्या खिशातलं नको, ते भट्टीत पडलेलं असतं."

डेलनं स्वयंपाकघरातून कागद आणले. व्हर्लिननं भांड्याचाच टेकू घेऊन तीन ठिकाणी सही केली, प्रत्येक वेळी पूर्ण नाव, मधल्या अक्षरासकट. मग एक चॉकलेट काढून डेलच्या छातीवर फेकलं. "घे. जोक शिळा होता, तरी घे."

डेल स्टुलावर बसून ते खायला लागला. सकाळपासूनचं त्याचं ते पहिलंच खाणं होतं.

"तिकडं पोरं येतात?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"बसमधून आणतात म्हणे. शाळेची. दुपारी दोनला."

"दुपारी? उजेडात?"

"हो."

"तारीख?"

डेल चावायचा थांबला. "एकतीस."

"एकतीस," व्हर्लिननं छताकडे बघितलं. "गाढव आहेत. जोक सांगतात का?"

"माहीत नाही."

"सांगतील." त्यानं भांडं डेलच्या हातात दिलं. "हे उरलेलं सोबत घ्यायचं. आणि नाक. नाक विसरलास तर मी परत येईन."

भिंतीवरच्या घड्याळात आठ झाले. डेल उठला. गुडघे कटकट वाजले.

"दिवा बंद करतो," तो म्हणाला.

"कर. या वेळी बटणानं."